फाटक काढल्यावर

माज्या पायांनीच मला फसवलं. पूल झालाय हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच हाय? काल सुट्टीच्या दिवशी त्याला पताका लावल्या, कुणी साहेब आला, बँड वाजला, अख्खी भवानी पेठ बघायला लोटली आन् मीबी त्या गर्दीत टाचा उंच करून बघून आले. तरी आज सकाळी डोक्यात भलतंच काहीतरी चाललेलं, आन् पाय आपले रोजच्या वाटेनं जाऊन फाटकाच्या जागी उबे ऱ्हायले. फाटक कुटं हाय तितं! रस्त्याला आडवं रुळाखालच्या जुन्या लाकडी सिलपाटांचं कुंपण ठोकलंय, पलीकडं रूळ ऊन खात पडलेत. कुंपणाला हात लावून मी उगाच उबी. हाताला डांबर चिकटलं. मागनं एक टांगा पुलाच्या चढाला वळत व्हता, टांगेवाला वरडला, "अगे अम्मा, फाटक गया अब! उप्पर से जाव, उप्पर से!" टांग्यातली माणसं हसली. हसा मेल्यांनो, तुमचं काय जातंय! पदराला हात पुसला तर पदर काळा झाला, आन् तितनं माजं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

चढ लई न्हाय, पण नवी खडी पायाला टोचती. दोन्ही अंगाला माणसं, सायकली ढकलणारे, भाकरी बांधलेली फडकी काखेत मारून पळणाऱ्या बाया. जो तो दुसऱ्याला सांगतोय, बघा कसं बिगी झालं! व्हय, झालं बिगी. आता फाटकाम्होरं गाड्या तुंबायच्या न्हाईत, बैलं मुतून चिखल करायची न्हाईत, कुणी कुणाची आय-माय काढायचं न्हाय. समद्यांचं बरं झालं. मग मलाच हे काय झालंय? रडावंसं वाटत न्हाय, भांडावंसं वाटतंय. पण भांडू कुणाशी? पुलाशी? सुट्टीच्या आदल्या दिवशी आमच्या रिळाच्या खात्यावर देखरेख करणारी नायकीण चंद्रव्वा समद्या बायांना गोळा करून म्हणली, "आता पूल झाला. फाटक पडलं व्हतं म्हणून उशीर झाला, ही सबब खलास. दुसरा भोंगा झाला की दार बंद. जी भाईर ऱ्हाईल तिचं रीळ दुसरीला. मला हात जोडू नका बायांनो, वरनंच हुकूम हाय." बोलत समद्यांशी व्हती आन् बघत माज्याकडं. बघणारच की. त्या सबबीवर माज्याएवढं कुणीच खाल्लं न्हाय. चंद्रव्वा वाईट न्हाय, आजवर तिनं लई पोटात घातलं, पण तिच्या मानेवरबी कुणाचा तरी हात असंलच. नवरा वारल्यापासनं माजं पोट त्या रिळावर चाललंय. ते गेलं तर गावाकडं दिराच्या दारी जायचं, त्याच्या मेंढरांमागं हिंडायचं, आन् सोलापूर सुटलं म्हणजे मायाक्का सुटली. चाल कस्तुरे, पाय उचल, दुसरा भोंगा व्हायला अजून वेळ हाय, असं मी मलाच म्हणत व्हते. पण पाय उचलला की वाटायचं, वर पोचू नये. चढ असाच ऱ्हावा, वर जायलाच लागू नये.

मायाक्का माजी लेक. एकच. तिचं सासर रुळापलीकडच्या वस्तीत आन् ती कामाला गावातल्या गिरणीत. मी गावातली आन् माजी गिरणी रुळापलीकडं. म्हणजे रोज सकाळी आमी दोघी एकमेकींच्या समोरनं. आता ती पुलावर येईल, कडेवर बिरू असंल, गिरणीतल्या पाळणाघरात ठेवायला आणती ती त्याला, आन् ती माज्या अंगावरनं खाली मान घालून निघून जाईल. थांबायची न्हाय. तिला थांबायची चोरी हाय. बिरू जन्मला तवा तिच्या सासूनं, बजाबाईनं, तिला बिरोबाच्या देवळात नेलं. एका तळहातावर देवाची हळद, भंडारा ठेवला, दुसरा हात लेकराच्या टाळूवर ठेवायला लावला आन् वदवून घेतलं, की मी आईच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय, आन् आईसाठी वाटंत पाऊल थांबवणार न्हाय. आमच्यात भंडारा उचलला म्हणजे उचलला. कचेरीत माणूस गंगाजळी धरून खोटं बोलून येईल, भंडारा उचलून न्हाय. तोबी कशावर, तर लेकराच्या टाळूवर, म्हणजे मोडला तर लेकराच्याच जिवावर. मला ही गोष्ट दुसऱ्याच बाईनं सांगितली. ऐकलं आन् पयल्यांदा मी बजाबाईला मनातल्या मनात नको नको ते बोलले, मग गप बसले, कारण तिनं हे का केलं ते मला ठाऊक व्हतं.

मायाक्काचं पयलं बाळंतपण रीतीपरमाणं माज्याकडं झालं. पोरगा झाला. गोरा, डोक्यावर हे जावळ. बारसं झालं, अजून सासरी धाडायचं व्हतं, आन् एका दुपारी तो तापानं फणफणला. डोळे फिरवाय लागला. डॉक्टरचा दवाखाना रुळापलीकडं. मी त्याला फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं आन् पळाले, मायाक्का मागनं ओली बाळंतीण, तिला पळवंना. फाटकाशी आले तर फाटक पडलेलं. मालगाडीचे डबे ऐन रस्त्यावर, जरा म्होरं जायचे, पुन्ना मागं यायचे, इंजिन कुटं लांब फुसफुसतंय. मी डब्यांखालनं घुसाय लागले तसं फाटकवाल्या वीरभद्रप्पानं मला दंडाला धरून मागं ओढलं. मी त्याला चावले. खरंच चावले, त्याच्या मनगटाला. त्यानं सोडलं न्हाय. डबे हलत व्हते. मग कवातरी ती गाडी गेली, आन् मी पळाले, आन् दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरनं फडकं बाजूला केलं आन् पुन्ना झाकलं. लौकर पोचले असते तर जगला असता का? डॉक्टरनं नुसती मान हलवली. व्हय म्हणून हलवली का न्हाय म्हणून, हे मला आजवर कळलं न्हाय. बजाबाई आली ती ऊर बडवत. "कुटं घालवलासा वेळ?" मी म्हणले, फाटक पडलं व्हतं. ती माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. "सबब सांगताय व्हय इहीणबाई? नातू गेला माजा, आन् तुमी फाटकाची सबब सांगताय?" ह्या जन्मात एकदाच ती गोष्ट खरी व्हती, आन् तवाच कुणाला पटली न्हाय.

तवापासनं माज्या घराला खोट लागली. पोर त्या घरात गेलं, दुसरं त्या घराच्या वाऱ्याला नगं, एवढंच बजाबाईचं म्हणणं. मी एकदा तिच्या दारी गेलेबी व्हते, बिरू झाल्याचं कळल्यावर, टोपडं शिवून घेऊन. ती दारात आडवी उबी ऱ्हायली. म्हणली, "आत येऊ नगा इहीणबाई, पोर निजलंय." शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मलाबी देता आली असती. पण तिनं दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली व्हती. बाई मला भेत व्हती. मी टोपडं उंबऱ्यावर ठेवलं आन् परत आले. जावई आत बसलेला दिसला, त्यानं मान वर केली न्हाय. मायाक्का पुन्ना कामाला जाय लागली तशी वाटंत समोरनं यायची आन् जायची. खाली मान. एकदा माजं लुगडं तिच्या लुगड्याला घासलं, एवढी जवळनं. संध्याकाळी सासू तिला न्यायला गिरणीच्या दाराशी येती, तवा बघायचीबी सोय न्हाय. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. मग एका सकाळी मी रूळ वलांडून पलीकडं गेले, आन् माज्या पाठीमागं फाटक पडलं, आन् समोरनं आलेली मायाक्का फाटकाशी आडली. माज्या शेजारी. आमी दोघी गाडीकडं तोंड करून उब्या. ती वठ न हलवल्यासारखं म्हणली, "आई, गाडीनं थांबवलंय. मी न्हाय थांबले." मी म्हणले, "व्हय की. गाडीच मेली आडवी आली." मग मी इचारलं, कोरड्यास काय केलंवतंस? ती म्हणली, हुलग्याचं माडगं. एवढ्यावर मला हुंदका आला, हुलग्याच्या माडग्यावर! आन् गाडी गेली.

मग रोजचंच झालं. मी आधी निघायची, रूळ वलांडायची आन् पलीकडं तिची वाट बघत बसायची, आन् सकाळची गाडी यायच्या वक्ताला फाटक पडायचं. बाकीच्या बाया दांड्याखालनं वाकून पळायच्या, गाडी दिसूस्तवर कोण थांबतंय! मायाक्का वाकायची न्हाय. मग ती गाडीनं थांबली का आपल्या मनानं, ह्यावर आमी दोघी कधी बोललो न्हाय. बोलायची भीतीच वाटायची. देव ऐकत असंल तर? मी मनातल्या मनात बिरोबाला समजवायची, की बाबा, फाटक पडल्यावर वाकू नये असा सरकारचाच नेम हाय, माजी लेक नेमानं वागती. वीरभद्रप्पा समदं बघायचा. मी चावले व्हते त्याची खूण त्याच्या मनगटावर व्हती. तरी तो गाडी लांब असताना फाटक टाकायचा आन् गेल्यावर उचलायला घुटमळायचा. माणसं शिव्या द्यायची, "अबे वीरभद्र्या, सो गया क्या!" आन् मला वाटायचं, द्या अजून, लांबू द्या. गाडीला उशीर झाला की समदी दुनिया करवादायची आन् मी आपली डायव्हरला मनात दुवा देत बिरूच्या पायाची बोटं मोजायची. पूल पायजे, पूल पायजे म्हणून गिरण्यांचे लोक, पेठंतले व्यापारी, समदे मागं लागले व्हते. मला कुणी इचारलं असतं तर मी काय म्हणले असते? तो मालगाडीचा डबा डोळ्याम्होरं आला की म्हणले असते, आज बांदा, आत्ता बांदा. आन् मायाक्का डोळ्याम्होरं आली की जीभच उचलली नसती. शेवटल्या दिवशी वीरभद्रप्पा फाटक उचलताना म्हणला, "इन्नु मेले फाटक इल्ल, अव्वा." आता फाटक न्हाय. मायाक्का तवर चार पावलं म्होरं गेली व्हती. तिनं मागं वळून बघितलं न्हाय, पण तिचा हात बिरूच्या पाठीवर व्हता तो एकदम घट्ट झाला. आमी काय ठरवलं न्हाय. ठरवायचं काय त्यात!

पर मी ठरवलं व्हतं. दोन रात्री डोक्यात तेच. पुलावर ती समोर आली की मी पडायचं. चक्कर आल्यासारखं करायचं आन् सरळ तिच्या पायाशी आडवं व्हायचं. पडलेल्या माणसाला कुणीबी थांबतंच की. मग ती आईसाठी थांबली असं कसं व्हईल? माणसासाठी थांबली. रस्त्यात म्हातारी पडली, बाई थांबली, पाणी पाजलं, ह्यात भंडारा कुटं मोडतो? आन् रोज कसं पडणार गं कस्तुरे? आज पडशील, उद्या पडशील, परवा लोक म्हणतील हिला फेपरं हाय. ते परवाचं परवा बघू. आज एकदा. चढ संपला आन् मी पुलाच्या मध्यावर आले. वारं लई. खाली बघितलं तर रूळ एवढेसे. तेवढ्यात ती सकाळची गाडी आली. सारा पूल हादरला, धूर कठड्यावरनं अंगावर आला, आन् माणसं चालतच ऱ्हायली! एकानंबी पाय थांबवला न्हाय. ज्या गाडीम्होरं इतकी वर्सं समदा गाव मुकाट उबा ऱ्हायचा, ती पायाखालनं निघून गेली आन् कुणाला त्याचं काय न्हाय. मला तिची कीव आली. गाडीची! डोकं ठिकाणावर न्हाय म्हणतात ते हेच. आन् धूर जरा पातळ झाला तशी मायाक्का दिसली.

खाली मान घालून येत व्हती. हिरवं लुगडं, कडेवर बिरू, त्याच्या डोक्यावर टोपडं. माजंच टोपडं! बजाबाईनं टाकून न्हाय दिलं, बसवलं त्याच्या डोक्यावर. मी कठड्याला धरलं, कुटं पडायचं ती जागा बघून ठेवली, खडी जरा कमी व्हती तितं. ती जवळ आली. आता अंग टाकून दिलं की झालं, असं मी मनात म्हणते, तेवढ्यात तिनं मान वर केली. सरळ माज्याकडं बघितलं. आन् तिचं पाऊल आखूड पडलं. मग अजून आखूड. मागची माणसं तिला वलांडून जाय लागली. ती थांबत व्हती. गाडी न्हाय, फाटक न्हाय, मी पडलेबी नव्हते, आन् माजी लेक भर पुलावर आपल्या मनानं माज्यासाठी थांबत व्हती. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. छाती भरून आली. कुणी माज्यासाठी असं थांबलं नव्हतं कधी, नवरासुदिक न्हाय. आन् त्याच घडीला बिरूनं मला बघितलं. हसला आन् दोन्ही हात पसरून माज्याकडं झेपावला, टोपडं मागं सरकलं, आन् त्याची टाळू उघडी पडली, अजून नीट भरली न्हाय ती, आतनं लकलक हलती. त्याच टाळूवर हात ठेवून ती वदली व्हती. माज्या छातीशी पयल्या नातवाचं ते फडकं पुन्ना आलं, गरम, आन् मग गार व्हत गेलेलं.

"चाल!" मी वरडले. एवढ्यानं वरडले की सायकलवाला दचकून बाजूला झाला. "चाल म्हणते ना! थांबू नगंस!"

"आई..." तिचा पाय उचलला व्हता, तो टेकायचाच व्हता फक्त.

मी बिरूला तिच्या कडेवरनं वढून घेतलं, दुसऱ्या हातानं तिच्या पाठीत दणका दिला आन् गावाकडं तोंड करून चालाय लागले. लेकरू घेऊन मी म्होरं निघाल्यावर ती कशाला मागं ऱ्हातीय! आली फरफटत. दोघी नुसत्या चालतोय, समोरनं गिरणीच्या बाया येतायत, माज्या खात्यातली एक जण म्हणली, "कस्तुराबाई, उलट्या कुटं निघाल्या?" तिला काय सांगणार? मायाक्का माज्या बरोबरीनं आली. दम लागला व्हता तिला.

"आई, तुजी वाट तिकडं हाय."

"ठाव हाय मला."

"मग?"

"तू थांबलीस का?"

"न्हाय. तू थांबू दिलं कुटं!"

"मग झालं तर. मी कुटं भंडारा उचललाय? मला कुटंबी चालाय मोकळीक हाय." मी बिरूचं टोपडं म्होरं वढून नीट बसवलं. "सर्दी झालीय ह्याला. नाक बघ कसं वाहतंय. रात्री ववा भाजून लावत जा छातीला."

"लावते की. आत्याबाईच लावतात." मग ती सासूबद्दलच म्हणली, "रात्री उठून दोन दोन डाव श्वास बघतात त्याचा. माजं त्यांच्यावर चिडणंच व्हत न्हाय आता." आन् चालता चालता तिनं माजा काळा झालेला पदर हातात घेतला. "हे काय करून ठेवलंस?"

"डांबर."

"रॉकेल लाव त्याला. निघतंय."

लहानपणी मेंढरांमागनं येताना ती असाच पदर धरायची, पाय दुखले की. उतार लागला व्हता, पाय आपोआप पळत व्हते. इतकं तर आमी फाटकाशीबी कधी बोललो नव्हतो. तितं कायम मागं गाडी व्हती, आता जाईल, आता जाईल म्हणून अर्धं बोलणं घशातच. आन् आता मला वाटत व्हतं हा रस्ता सरू नये, गिरणी अजून लांब असावी, थेट अक्कलकोटापत्तूर चालत जावं दोघींनी, लेकरू घेऊन. आन् तेवढ्यात पाठीमागनं, रुळापलीकडनं, भोंगा झाला. दुसरा. मायाक्काचा रंगच उडाला. तिनं ऐकून ठेवलेलं असणार, दोन्ही गिरण्यांच्या बाया एकमेकींना समदं सांगतात. तिचं पाऊल पुन्ना आखूड व्हाय लागलं तशी मी तिला कोपरानं ढोसलं.

"आई, तुजा भोंगा."

"ऐकला."

"दार बंद केलं असंल."

"केलं असंल."

"रीळ जाईल गं तुजं!"

"गेलं," मी म्हणले, आन् बिरूला ह्या कडेवरनं त्या कडेवर घेतलं. "तू बिगी बिगी चाल. तुजा भोंगा व्हायचाय अजून."